मासा आजचा की कालचा, हा प्रश्नच अपुरा आहे

मासळी बाजारात कोळणीपुढे उभं राहिलं की तोंडातून पहिला प्रश्न ठरलेला: “मावशी, आजचा आहे ना?” आणि पाटीत बर्फ दिसला की आपला चेहरा पडतो. बर्फातला मासा म्हणजे शिळा, आणि फळीवर उघडाच मांडलेला, वरून पाणी शिंपडलेला चकचकीत मासा म्हणजे ताजा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून बर्फाची पेटी मागे सरकवून ठेवलेली मी अनेकदा पाहिली आहे. मला ते बघवत नाही. एवढ्या कष्टाने समुद्रातून आणलेली चीज आपण आपल्याच गैरसमजापायी उघड्यावर तापत ठेवायला लावतो.

माशाच्या ताजेपणावर कित्येक दशकं जगभर संशोधन चाललंय. आपल्याकडे कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून याच कामात आहे. मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत आणि रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात मुलं हा विषय रीतसर शिकतात. त्या सगळ्यातून हाती लागलेली मुख्य गोष्ट अशी: मासा किती दिवसांचा आहे यापेक्षा तो मेल्यावर किती तास गरम राहिला, हे जास्त महत्त्वाचं. चार दिवस बर्फात नीट राहिलेली सुरमई ही पहाटे पकडून दुपारपर्यंत उघड्यावर पडलेल्या सुरमईपेक्षा ताजी असू शकते. पहिल्यांदा ऐकताना हे पटत नाही, म्हणून जरा मुळापासून बघू.

मेल्यानंतरही आत काम चालू असतं

मासा मेला म्हणजे त्याचं हृदय थांबलं. पण अंगातल्या पेशी त्याच क्षणी थांबत नाहीत. रक्त फिरायचं थांबल्यामुळे त्यांना ऑक्सिजन मिळत नाही एवढंच. मग त्या स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, ऑक्सिजनशिवायच जाळायला लागतात. त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि मांस थोडं आंबट होतं. जिवंत माशाच्या स्नायूचा सामू, म्हणजे पीएच, ७ च्या आसपास असतो. मेल्यावर तो बऱ्याच माशांत ६.२ ते ६.६ पर्यंत उतरतो.

मटण माशापेक्षा जास्त टिकतं, त्याचं एक कारण इथेच आहे. बोकडाच्या स्नायूत साखरेचा साठा जास्त, त्यामुळे तिथला सामू साडेपाच-पावणेसहापर्यंत खाली जातो. तेवढ्या आंबटपणात जिवाणूंची वाढ मंदावते. माशाजवळ हे कवच तोकडं पडतं. शिवाय माशाच्या मांसाला धरून ठेवणारे तंतू नाजूक असतात, आणि मासा थंड रक्ताचा असल्यामुळे त्याच्या अंगातली एन्झाइमं, शाळेच्या पुस्तकातली ‘विकरं’, गार पाण्यातही काम करायला सरावलेली असतात.

पेशींच्या खर्चाला लागणारं चलन म्हणजे एटीपी नावाचा रेणू. स्नायू आवळायला तो लागतो, आणि सैल सोडायलाही तोच लागतो. साखर संपली की एटीपी संपतं, आणि आवळलेले तंतू एकमेकांत अडकून राहतात. मासा ताठ होतो. कोळीण बांगडा मधोमध धरून आडवा करून दाखवते आणि तो काठीसारखा सरळ राहतो, ती हीच अवस्था. बांगडा, तारली असे चपळ, लहान मासे काही तासांतच ताठतात. मोठा मासा लगेच गार केला तर तो ताठर्‍या अवस्थेत दिवसभर किंवा त्याहून जास्तही राहतो. पुढे एन्झाइमं तंतूंची वीण हळूहळू उसवायला लागतात आणि मासा पुन्हा लुळा पडतो.

म्हणजे असा आपोआप ताठलेला मासा सहसा ताजाच. पण लुळा मासा दोन तऱ्हेचा असतो: एक ताठायच्या आधीचा, होडीवरून नुकताच उतरलेला, दुसरा ताठून सैल पडलेला. जाळं आत्ताच किनाऱ्याला लागलंय आणि मासा हातात लोंबतोय म्हणून तो टाकून देणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या हातून सगळ्यात ताजा मासा गेला.

ताठरपणा किती लवकर येतो, हे मासा कसा मेला यावरही ठरतं. जाळ्यात तासन्‌तास तडफडलेल्या माशाने आपली साखर आणि एटीपी तडफडण्यातच उडवलेलं असतं. तो लवकर ताठतो आणि लवकर सैल पडतो. जपानी मच्छीमार चांगला मासा हाती आला की त्याच्या मेंदूत अणकुचीदार सळई घालून त्याला एका क्षणात मारतात आणि लगेच रक्त वाहू देतात. या पद्धतीला ते ‘इकेजिमे’ म्हणतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण अर्धा तास श्वासासाठी तडफडण्यापेक्षा ते कमी क्रूर आहे असं माझं मत आहे, आणि मांसही जास्त टिकतं.

तळ्यातल्या माशांसाठी असंच एक साधं तंत्र आहे. रोहू-कटला काढायच्या आधी त्यांचं खाद्य बंद ठेवायचं. रिकाम्या पोटात पाचक रस कमी, जिवाणूही कमी. शोभेचे मासे पाठवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. गप्पी किंवा गोल्डफिश पिशवीत भरण्याआधी एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, नाहीतर त्यांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया प्रवासात त्यांनाच मारतो. पिशवीत साधारण एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन भरतात. खाण्याचा मासा असो की काचेच्या पेटीतला, भरल्या पोटी प्रवास दोघांनाही मानवत नाही.

भरल्या पोटाचा त्रास तारली आणि बांगड्यात डोळ्यांना दिसतो. ऐन चरण्याच्या दिवसांत पकडलेल्या तारलीचं पोट बघता बघता फुटतं. ते जिवाणूंचं काम नसतं. खाल्लेलं अन्न पचवायला निघालेले रस, मालक मेल्यावर, त्याचंच पोट पचवतात.

चवीचा रेणू आणि ताजेपणाचा आकडा

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. एटीपी मोडतं ते एका झटक्यात नाही, पायरी पायरीने. दोन-तीन पायऱ्या भरभर उतरून ते आयएमपी नावाच्या रेणूपाशी येऊन थांबतं. हा आयएमपी म्हणजे चवीचा ठेवा. जपानमध्ये सुकवलेल्या कुप्यासारख्या (कुपा म्हणजे ट्यूना) माशाच्या तुकड्यांपासून सार करतात. त्याची ती भरलेली, जिभेवर रेंगाळणारी चव याच रेणूच्या क्षारामुळे येते, हे शिंतारो कोदामा या जपानी संशोधकाने १९१३ मध्ये दाखवलं. म्हणजे मासा मेल्याच्या क्षणी चवीला सगळ्यात चांगला नसतो. आयएमपी साठायला काही तास जावे लागतात.

पुढच्या पायऱ्या मात्र उताराच्या. आयएमपीचं इनोसिन होतं आणि इनोसिनचं हायपोझँथिन. आयएमपी गेलं की चवीतला गोडवा गेला, आणि हायपोझँथिन तर कडवट. शिळ्या माशाला वास यायच्याही आधी तो ‘बेचव’ लागतो, तो यामुळे.

१९५९ मध्ये जपानी संशोधकांनी यावरून एक आकडा बसवला. त्याला ‘के मूल्य’ म्हणतात. एटीपीपासून हायपोझँथिनपर्यंतच्या सगळ्या रेणूंची बेरीज करायची आणि त्यात शेवटच्या दोन पायऱ्यांचा वाटा किती टक्के आहे ते काढायचं. नुकत्याच मारलेल्या माशात तो १० टक्क्यांच्याही खाली असतो. जपानमध्ये कच्चा खायचा मासा साधारण २० टक्क्यांच्या आत असावा असा दंडक आहे. या आकड्याचं मोल असं की जिवाणूंनी काही करायच्या आधीची घसरण तो पकडतो. अर्थात प्रत्येक जातीचा वेग निराळा, त्यामुळे एका माशाचा आकडा दुसऱ्याला लावून चालत नाही.

वास कुठून येतो, आणि आमसूल काय करतं

धडधाकट जिवंत माशाच्या मांसात जिवाणू जवळजवळ नसतातच. ते असतात अंगावरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत आणि आतड्यांत. कातडीच्या एका चौरस सेंटीमीटरवर शेकड्यांपासून कोटीपर्यंत काहीही. जिवंतपणी शरीर त्यांना आत येऊ देत नाही. मेल्यावर ती राखण संपते.

समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथिलअमाईन ऑक्साईड नावाचं एक द्रव्य असतं. खाऱ्या पाण्यात राहून शरीरातला पाण्याचा आणि मिठाचा तोल सांभाळायला ते त्यांच्या उपयोगी पडतं. त्याला स्वतःला वास नाही. पण शेवानेला वर्गातल्यासारखे काही जिवाणू, ऑक्सिजन कमी पडला की, श्वासासाठी या द्रव्यातला ऑक्सिजन वापरतात. मागे उरतं ते ट्रायमिथिलअमाईन. आपण ज्याला ‘माशाचा वास’ म्हणतो, तो हाच. खरोखर ताज्या माशाला हा वास नसतो. त्याला समुद्राच्या वाऱ्याचा, ओल्या शेवाळाचा, कधी कधी तर कापलेल्या काकडीसारखा हलका गंध असतो. “घरात मासा केलाय हे जिन्यातच कळलं” असं शेजारी म्हणाले, तर दोष मत्स्याहाराचा नव्हे, त्या माशाने गरमीत काढलेल्या वेळाचा.

आपल्या स्वयंपाकघरात यावरचा उपाय पिढ्यान्‌पिढ्या आहे. ट्रायमिथिलअमाईन हे अल्कधर्मी. त्याला आम्ल मिळालं की त्याचा क्षार होतो, आणि क्षार हवेत उडत नाही; मग नाकाला तो कळतही नाही. कोकणातल्या कालवणात आमसूल किंवा चिंच पडते, तुकड्यांना आधी लिंबू नाहीतर आगळ चोळतात, ते चवीसाठी तर खरंच, पण रसायनशास्त्रही तिथे चोख आहे. मात्र आमसुलाने वास जातो, शिळेपणा जात नाही. ज्या माशाला आमसूल चोळूनही वास येतो, तो कालवणात घालू नये.

मुशी (शार्क) आणि पाकट (स्टिंग रे) यांची गोष्ट आणखी वेगळी. हे मासे खाऱ्या पाण्याशी तोल राखायला रक्तात आणि मांसात युरिया साठवतात. जिवाणू त्याचा अमोनिया करतात. त्यामुळे मुशी शिळी झाली की नाकात झणका येतो, आणि तो इतर माशांपेक्षा लवकर येतो. मुशी घेतली तर त्याच दिवशी करावी, एवढंच.

रोहू-कटल्यासारख्या गोड्या पाण्यातल्या माशांत ते ऑक्साईड फारच थोडं, त्यामुळे त्यांचा शिळेपणा वेगळ्या वासाने कळतो. पण पुष्कळ लोक या माशांना नाक मुरडतात ते ‘चिखलाच्या वासा’मुळे, आणि त्याचा ताजेपणाशी संबंधच नाही. तो वास जिओस्मिन नावाच्या रेणूचा. तळ्यातली नीलहरित शेवाळं आणि काही जिवाणू तो तयार करतात, आणि पाण्यातून तो माशाच्या चरबीत जाऊन बसतो. पहिल्या पावसात मातीचा जो गंध येतो, त्यातही हाच जिओस्मिन असतो. ज्या वासावर आपण कविता करतो, तोच ताटात आला की नको होतो. मासा काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवला की हा वास बराच उतरतो.

एक तास म्हणजे वीस तास

आता मूळ मुद्दा. जिवाणू आणि एन्झाइमं दोघांचाही वेग तापमानावर चालतो. उष्ण समुद्रातल्या माशांवरून शास्त्रज्ञांनी एक समीकरण बसवलंय. त्यानुसार शून्य अंशावर, म्हणजे वितळत्या बर्फात, माशाच्या खराब होण्याचा वेग १ धरला, तर ५ अंशांना तो जवळपास २, १० अंशांना ३ ते ४, आणि २५ अंशांना २० होतो. ३० अंशांना तर ३५ च्या घरात जातो.

याचा व्यवहारातला अर्थ लावून बघा. २५ अंशांतला एक तास म्हणजे बर्फातले २० तास. सकाळी आठ ते दुपारी बारा असा मासा उघड्यावर राहिला, तर त्याने बर्फातले ८० तास, म्हणजे तीन दिवसांहून जास्त आयुष्य खर्च केलं. आणि आपल्या किनाऱ्यावर २५ अंश म्हणजे थंडीतली सकाळ. एप्रिलमध्ये हिशोब याहून वाईट. गणित ढोबळ आहे, माशागणिक बदलेल, पण दिशा बदलणार नाही. घरच्या फ्रिजचंही यातच आलं. फ्रिज सहसा ४-५ अंशांवर असतो, म्हणून तिथे मासा बर्फाच्या दुप्पट वेगाने उतरतो. फ्रिजमध्ये ठेवतानाही डबा बर्फात बसवला तर फरक पडतो.

आपल्या समुद्रातल्या माशांना निसर्गाने एक सवलत दिली आहे. नॉर्वेसारख्या गार समुद्रातल्या माशावरचे जिवाणू थंडीला सरावलेले असतात. बर्फातही ते हळूहळू वाढत राहतात. आपल्या माशांवरचे बहुतेक जिवाणू उबेत वाढलेले. त्यांना बर्फ सोसत नाही. म्हणून उष्ण समुद्रातले काही मासे पकडल्याबरोबर नीट बर्फात ठेवले, तर दोन आठवड्यांहून जास्त खाण्याजोगे राहतात. आपलाच मासा बर्फाला सगळ्यात चांगली साथ देतो, आणि आपणच बर्फाला नाक मुरडतो.

बर्फ किती लागतो, याचा हिशोब सोपा आहे. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. एक किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायला साधारण २५ किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे कागदावर तीनशे ग्रॅमच्या आसपास बर्फ पुरेसा. पण पेटी, हवा, ऊन, वाहतूक हे सगळे आपापला वाटा खातात, म्हणून आपल्या हवेत किलोला किलो बर्फ धरावा लागतो. आणि तो नुसता वर पसरून उपयोग नाही. खाली बर्फ, मग माशांचा थर, मग बर्फ, असं रचायचं. पोट काढलेल्या मोठ्या माशाच्या पोटातही बर्फ भरायचा. बर्फ बारीक हवा, कारण मोठ्या ढेकळांच्या मधे हवा राहते आणि टोकदार कडा मांसाला टोचतात. पेटीला खाली भोक हवं. वितळलेलं पाणी अंगावरून वाहून जाताना बुळबुळ आणि जिवाणू धुऊन नेतं, पण तेच पाणी तळाशी साचलं तर खालचा थर त्या घाणीत भिजत पडतो.

हर्णैसारख्या बंदरात वाळूवर मासळीचे ढीग लावून लिलाव होतात. बघायला फार सुंदर दृश्य, पण मला तिथे उभं राहिलं की घड्याळ ऐकू येतं. ढिगाला बोली लागेपर्यंत जो वेळ जातो, तो गिऱ्हाइकाच्या आणि मच्छीमाराच्या दोघांच्याही पदरातून जातो. बंदरावर सावली आणि बर्फ पुरेसा असणं ही मला मासेमारीतली सगळ्यात कमी खर्चाची आणि सगळ्यात जास्त परतावा देणारी सुधारणा वाटते.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. त्यामुळे जूनच्या मध्यापासून मुंबई-पुण्यात दिसणारा समुद्रातला बराचसा मासा लांबचा, बर्फात प्रवास केलेला असणार. तेव्हा “आजचा आहे का” विचारण्यात काही अर्थच नाही. “बर्फात कसा आला” हे विचारावं.

जिथे नाक फसतं

वास आला तर मासा टाकायचा, हा नियम बहुतेक वेळा पुरतो. एका बाबतीत पुरत नाही, आणि म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा गरम राहिला की काही जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. हिस्टामीन म्हणजे ॲलर्जीच्या वेळी आपल्या शरीरात सुटतं तेच द्रव्य. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांध्या उठतात, खाज सुटते, कधी जिभेला तिखटासारखं चुरचुरतं. लोक म्हणतात, “मला बांगड्याची ॲलर्जी आहे.” पुष्कळदा ती ॲलर्जी नसते, त्या दिवशीच्या बांगड्यातलं हिस्टामीन असतं.

यातला धोक्याचा भाग असा की हिस्टामीन शिजवून जात नाही, तळून जात नाही, गोठवूनही जात नाही. आणि मासा तेव्हा वासाला ठीकही असू शकतो. आंतरराष्ट्रीय अन्न मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सने अशा माशांसाठी किलोला २०० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे, पण ती बाजारात उभं राहून मोजता येत नाही. उपाय एकच: मासा पहिल्या तासापासून गार. नंतर घातलेला बर्फ आधी तयार झालेलं हिस्टामीन परत घेत नाही. हे वाचून कोणी बांगडा सोडू नये. बांगड्यासारखा स्वस्त, सकस मासा नाही. फक्त तो बर्फातला घ्यावा. आणि खाल्ल्यावर श्वास लागला किंवा चक्कर आली तर थेट डॉक्टरकडे जावं.

दुसरी फसगत माणसाने केलेली. २०१८ च्या जूनमध्ये केरळात फॉर्मेलिन मारलेल्या मासळीचे मोठे साठे पकडले गेले. पुढच्याच महिन्यात मडगावच्या घाऊक बाजारात त्याच संशयाने खळबळ उडाली, आणि गोवा सरकारने बाहेरून येणारी मासळी पंधरा दिवसांसाठी बंद केली. फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्माल्डिहाइड, प्रयोगशाळेत बेडूक आणि साप बरणीत ठेवायला वापरतात ते. ते जिवाणूंनाही मारतं आणि मांसातली प्रथिनं एकमेकांना जखडून टाकतं, म्हणून मासा ताठ, टणक दिसत राहतो. फॉर्माल्डिहाइड कर्करोगाला कारण ठरणाऱ्या द्रव्यांच्या यादीत आहे. कोचीच्या संस्थेने त्याच वर्षी जानेवारीत यावर तपासणीचा संच पुढे आणला होता: कागदाची पट्टी माशावर घासायची, तिच्यावर द्रावणाचा थेंब टाकायचा, भेसळ असेल तर काही मिनिटांत रंग बदलतो.

तरी एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. काही माशांत फॉर्माल्डिहाइड आपोआपही तयार होतं. मघाचंच ते ऑक्साईड, पण या वेळी जिवाणूंऐवजी माशाच्या स्वतःच्या एन्झाइमने मोडलेलं. बोंबील आणि चोर बोंबील यांत हे ठळकपणे होतं. म्हणून बोंबलात फॉर्माल्डिहाइडचा अंश सापडला म्हणजे विकणाऱ्याने विष मारलं, असा निवाडा लगेच करू नये. “माशी बसत नाही म्हणजे फॉर्मेलिन” हा निकषही कच्चाच. गार माशावर माशा तशाही कमी बसतात.

कोळंबीच्या डोक्यावर आणि सांध्यांवर जे काळे डाग येतात, ते विष नव्हे आणि सडणंही नव्हे. कापलेलं सफरचंद काळं पडतं तीच क्रिया. पण डाग पडायला वेळ लागतो, म्हणून ते वेळेचं प्रमाणपत्र मानावं. कोळंबीची पाचक ग्रंथी डोक्यात असते, त्यामुळे घरी आणल्याबरोबर डोकी काढली तर कोळंबी जास्त टिकते. डोकं धडापासून सैल होऊन लोंबत असेल तर घेऊच नये.

मावशीचा अंगठा

१९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियामध्ये संशोधकांनी मासा तपासायची एक पद्धत बसवली. डोळे, कल्ले, कातडी, पोट, वास अशा एकेका गोष्टीला दोषाचे गुण द्यायचे, अगदी ताज्याला शून्य. बेरीज केली की बर्फातला कितवा दिवस आहे, याचा बऱ्यापैकी अचूक अंदाज येतो. तिचं बळ असं की एकाच खुणेवर निकाल लागत नाही. आपली चूक नेमकी तिथे होते. कोणी फक्त डोळे बघतं, कोणी फक्त कल्ले.

डोळा फुगीर, पारदर्शक आणि बुबुळ काळं असावं हे खरं, पण बर्फाचा खडा टोचला तरी डोळा पांढुरका होतो, आणि गोठवून सोडवलेल्या माशाचा तर होतोच. कल्ले लाल असावेत, कारण रक्तातला लाल रंग हवेत हळूहळू तपकिरी होतो. पण बर्फाच्या पाण्यात फार वेळ धुतले गेलेले कल्ले फिकट दिसतात आणि आतला मासा उत्तम असतो. म्हणून दोन्ही बघायचं, मग अंगठ्याने पाठ दाबायची. खळगा लगेच भरून आला पाहिजे. मग कल्ला उचलून वास घ्यायचा, कारण वास पहिल्यांदा तिथेच येतो. शेवटी पोट बघायचं, फुटलेलं किंवा मऊ पडलेलं नको. चाळीस वर्षं पाटीवर बसलेल्या कोळणीला यातलं काही सांगावं लागत नाही. तिचा अंगठा ही सगळी बेरीज एका दाबात करतो. तिच्याशी भाव करताना तिच्या या ज्ञानाचीही किंमत आपण देतोय, हे मनात असलेलं बरं.

आता पॅकेटवरच रंग बदलून ताजेपणा सांगणाऱ्या पट्ट्यांवर काम चाललंय. जांभळी कोबी किंवा गोकर्णाच्या निळ्या फुलांतलं रंगद्रव्य पातळ पापुद्र्यात बसवतात. मासा शिळा होताना अमोनियासारखे वायू सुटतात, पापुद्रा अल्कधर्मी होतो आणि रंग पालटतो. गोकर्णाच्या फुलावर लिंबू पिळून मुलांना रंगाची गंमत दाखवतात ना, तीच गंमत उलट्या दिशेने.

बोंबील या सगळ्यात वेगळा. त्याच्या अंगात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. एवढा पाणीदार मासा जिवाणूंना मेजवानीच, म्हणून तो सगळ्यांआधी गळतो. वर्सोवा, उत्तन, वसईच्या किनाऱ्यांवर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून वाळत घालतात, तो याच अडचणीवर शोधलेला उपाय. पाणी गेलं की जिवाणू अडले. खारवलेल्या बांगड्यातही तेच तत्त्व, फक्त तिथे पाणी हटत नाही इतकं, मीठ त्याला बांधून टाकतं. मांसात पाणी असतं, पण जिवाणूंच्या वाट्याला ते येत नाही.

ओला बोंबील मात्र सगळ्यात आधी घरी पोचायला हवा. बाजारात शेवटी घ्यायचा, मावशीकडून मूठभर बर्फ मागून पिशवीत टाकायचा, आणि स्कूटरच्या तापलेल्या डिकीत ठेवण्याऐवजी हातात धरायचा. बाजारात बर्फ बघून मासा घेतला आणि मग वाटेत भाजी, दूध, इस्त्रीचे कपडे करत तास घालवला, तर ते बर्फातले वीस-पंचवीस तास आपणच रस्त्यात सांडले.